बाबाच्या पाटीमागची दोन भोकं

विश्वकर्मा दिवसाला लुधियानाच्या जनता नगरात कुणी हत्यार उचलत नाही. कारखान्यात नाही, घरातही नाही. सुई डबीत, सुरी फळीवर. लंगरचा कांदासुद्धा आदल्या संध्याकाळी चिरून ठेवलेला. वर्षभर ज्या लोखंडाच्या जिवावर खाल्लं त्याला एक दिवस सुट्टी द्यायची, असा आपला रिवाज. माणसाला सुट्टी द्यायची वेळ आली की याच लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, तो भाग वेगळा.

निरंजन सिंग सग्गूनं सकाळीच शेडमधल्या सगळ्या प्रेसवर दूधपाणी शिंपडलं, प्रत्येकीला लाल धागा बांधला, झेंडूचा हार घातला. आणि प्रत्येकीच्या छातीवरची बाबा विश्वकर्म्याची पितळी पाटी आपल्या पगडीच्या जुन्या कापडानं पुसली. पंज्याएवढी पाटी, दोन स्क्रूंवर बसवलेली. लुधियानात प्रेस बनवणारे गल्लोगल्ली आहेत, पण अशी पाटी फक्त सग्गूंची. मोग्याहून, बटाल्याहून येणारं गिऱ्हाईक कंपनीचं नाव विसरतं आणि म्हणतं, ती बाबावाली प्रेस द्या.

दारापाशी सगळ्यात जुनी उभी होती, फौजी. तिच्यापासून हे घराणं सुरू झालं. त्याआधी निरंजनचे वडील, सगळे त्यांना दारजी म्हणत, हातप्रेस चालवायचे. वर आडवा दांडा, दोन टोकांना लोखंडी गोळे. दांडा झोकून फिरवायचा, मग स्क्रू खाली उतरतो आणि पत्र्याचा तुकडा पडतो. संध्याकाळपर्यंत खांदा आपला राहायचा नाही. लढाईनंतर फौजेच्या भंगाराचा लिलाव झाला, त्यातून एक विलायती पॉवर प्रेस कबाड्याकडे आली आणि कबाड्याकडून दारजींकडे. तिचं मोठं चाक मोटरवर फिरतच राहतं. पेडल दाबलं की एक चावी चाकाला शाफ्टशी जखडते, रॅम एकदा खाली येतो, सायकलच्या चेनकव्हरचा पत्रा कापतो, वर जातो. तोवर पेडल सोडलेलं असलं तर थांबतो. सोडलेलं नसलं तर पुन्हा येतो. न थकणारा घण म्हणा.

दारजी जातीचे सुतार-लोहार. त्यांनी फौजी खिळखिळी केली, प्रत्येक भागाचा लाकडी साचा कोरला, ओतीव लोखंडात तशीच दुसरी उभी केली. नक्कल करताना काही म्हणजे काही सोडलं नाही. शाफ्टच्या कडेवर एक उंचवटा होता, चामखिळीसारखा. त्याचं काम काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. तोही उतरवला. फ्रेमवर दोन भोकं होती, आत आटे पाडलेली, आणि त्यांत काहीच बसवलेलं नव्हतं. तीही पाडली, त्याच विलायती मापाच्या आट्यांसकट. इंग्रज फुकट भोक पाडत नाही, असं ते म्हणायचे. पुढं त्या भोकांवर त्यांनी बाबाची पाटी बसवली आणि प्रश्न मिटला.

पाटी पुसत पुसत निरंजन दारापासून चौथ्या प्रेसशी आला आणि जरा घाईनं पुसून पुढं गेला. पावसाळ्यात याच प्रेसवर रामस्नेहीची तीन बोटं गेली होती.

रामस्नेही उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यातला, सग्गूंकडं सात-आठ वर्षं होता. आजही तो आला होता. या दिवशी लंगरला सगळे कामगार येतात, त्यालाही कुणी नको म्हटलं नव्हतं. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली. कडा प्रसाद, तुपात निथळणारा शिरा, वाटायला बेबे स्वतः उठली. दारजींची बायको, ऐंशीची झाली, पाठ वाकली, पण प्रसाद वाटायचं काम तिनं कुणाला दिलं नव्हतं. प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा असतो. रामस्नेहीनं डावा पंजा पुढं केला आणि उजवा, पट्टी बांधलेला, खाली नुसता टेकवला. बेबेनं प्रसाद ठेवला. तिच्या स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. फौजीनं घेतली होती, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. तिच्या ओंजळीतून साठ वर्षं तूप गळत आलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. बोललं तर एवढंच की बेबेचा पाय पेडलवर राहिला होता.

लंगर आटोपल्यावर घरची माणसं वरच्या ऑफिसात बसली. उद्या लेबर ऑफिसात रामस्नेहीच्या केसची तारीख होती आणि काय बोलायचं ते आज ठरवायचं होतं.

निरंजनच्या मते ठरवण्यासारखं काही नव्हतंच. प्रेस ठीक होती. मोटर, चावी, स्प्रिंग, सगळं तपासलं होतं. माणसाचा पाय पेडलवर राहिला, रॅम दुसऱ्यांदा आला, हात आत होता. ही कामगाराची चूक. आणि रामस्नेही स्वतः तेच सांगतोय, पाय उठला नाही सरदारजी, असं पहिल्या दिवसापासून सांगतोय. मग भांडण कुठं आहे? औषधपाणी केलं, पुढंही काही देऊ, वाऱ्यावर सोडणार नाही. पण चूक आपली, असं लिहून देणार नाही. उद्या सूनबाईनं जावं, बाईमाणसाशी साहेब नीट बोलतात.

निरंजनची दहाही बोटं शाबूत होती. या धंद्यात असा साठीचा माणूस शोधून दाखवावा लागतो. बोलताना तो हात टेबलावर पसरून ठेवायचा, म्हणजे न बोलताही समोरच्याला कळावं की ज्याचं लक्ष असतं त्याचं काही जात नाही. विशी-बाविशीतच तो प्रेसवरून उठून खुर्चीत बसला होता, हे त्या हातांवर कुठं लिहिलेलं नव्हतं.

सूनबाई म्हणजे रूपिंदर. हिशेब, बँक, सरकारी कामं ती बघायची. त्या दिवशी रामस्नेहीला गाडीत घालून तीच घेऊन गेली होती. तीन बोटं बर्फाच्या डब्यात तिच्या मांडीवर होती. डॉक्टरनं डबा उघडला, बघितलं आणि बंद केला. तेव्हापासून ती शेडमध्ये उतरली की पेडलवरच्या पायांकडं बघत राहायची. दिवसाला हजारो वेळा खाली-वर होणारे पाय. एक दिवस तिनं स्वतःच्या पायानं टेबलाखाली तसं करून बघितलं. थोड्याच वेळात पाय कुठं आहे तेच कळेना. हे ती नवऱ्याला बोलली. जसमेल हसला. म्हणाला, तू कॉम्प्युटर चालव, पाय चालवू नको.

आता ती म्हणाली, "पापाजी, पाय राहिला हे खरंच आहे. पण आपण ते असं सांगतो जसं त्यानं दारू पिऊन गाडी ठोकली."

"मग कसं सांगू? गाऊन सांगू?" निरंजन म्हणाला. जसमेल हसला.

तेव्हा कोपऱ्यातून तरलोचन उठला. निरंजनचा धाकटा भाऊ, अठराव्या वर्षी इंग्लंडला गेलेला, बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये प्रेस शॉपमध्येच जन्म घालवलेला. परवा आला होता. त्यानं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. धप्प आवाज झाला. कापड उलगडलं. आत एक लोखंडी आकडा होता, तळहाताएवढा, त्याला एक स्प्रिंग, पायाशी एक चपटी पट्टी आणि पट्टीत दोन बोल्ट.

"वीरजी, हे त्या भोकांत बसतं," तो थोरल्या भावाला म्हणाला.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग तरलोचननं सांगितलं. त्याचा स्मेदिकचा कारखाना यंदा बंद झाला. मशिनं भंगारात निघाली. शेवटच्या आठवड्यात ती खोलायचं काम त्याच्याकडं होतं. मागं एक जुनी प्रेस होती, पत्र्याच्या कव्हरात झाकलेली. कव्हर काढलं तर आत फौजी. तीच फ्रेम, तीच चामखीळ. फक्त जिथं आपल्याकडं बाबा आहेत तिथं हा आकडा होता.

"पेडलची सळई याच्यातनं जाते. पाय दाबला की हा सळई ओढतो, रॅम सुटतो. शाफ्ट फिरला की ती चामखीळ येऊन याला ढकलते आणि हा सळई सोडून देतो. बस्. मग पाय खाली असो नाहीतर वर, रॅम वर जाऊन थांबणार. पाय एकदा उचलून परत दाबल्याशिवाय दुसरा ठोका पडत नाही. आपल्या फौजीचा आकडा लिलावाआधीच कुणीतरी काढला असणार किंवा तुटला असणार, आणि सळई सरळ चावीला जोडली असणार. दारजींनी लंगडा घोडा बघितला आणि त्याच्यावरनं सगळा तबेला लंगडा काढला."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. निरंजनचा चेहरा बदलला.

"शाबास," तो म्हणाला. "चाळीस वर्षं तिथं प्रेसवर बसलास. रोज याच्याशेजारी चहा पीत होतास. आणि दिसलं कधी? कारखाना बंद पडल्यावर. आता आलास बापाला लंगडा म्हणायला."

ते खरं होतं. चाळीस वर्षं तरलोचन अशा प्रेसवर बसला होता आणि एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं की ही दुसऱ्यांदा का पडत नाही. जी गोष्ट घडत नाही तिचं कारण कोण शोधतं? कितीतरी वेळा दमून पाय तसाच राहिला असेल. प्रत्येक वेळी हा आकडा कव्हराच्या आत सळई सोडत होता, आणि तो घरी येऊन दहा बोटांनी रोटी मोडत होता. शेवटच्या दिवशी कव्हराशेजारी तो बराच वेळ बसून राहिला, कारण त्याला बेबेचा हात आठवला होता. पण हे भावासमोर बोलता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, झाकलेलं होतं वीरजी.

मग निरंजन जे बोलायचं ते सरळ बोलला. तो दुष्ट माणूस नव्हता. दुष्ट असता तर गोष्ट सोपी झाली असती. म्हणाला, "ऐका. उद्या आपण म्हटलं की मशिनीत एक भाग हवा होता आणि नव्हता, तर ते एका रामस्नेहीपुरतं राहत नाही. दारजींनी प्रेस विकल्या, मी विकल्या. पंजाबात, हरियाणात, दिल्लीत. त्यांच्यावर किती बोटं गेली असतील याचा विचार करा. ती सगळी बोटं आपल्या दाराला कडी वाजवायला येतील. माणूस आयुष्यभर म्हणत आला, माझीच चूक, माझा पाय. त्याला आज जाऊन सांगायचं, नाही बाबा, सग्गूंची चूक? आणि दारजी? त्यांच्या फोटोखाली बसून जेवलात आत्ता."

जसमेलनं आकडा हातात घेऊन फिरवला. तो विकणारा माणूस होता, त्याचं डोकं लवकर चाललं. म्हणाला, हे ओतायला काय लागतं? काहीच नाही. तर आजपासून ज्या नव्या प्रेस निघतील त्यांना हा लावू. आपल्या शेडमधल्यांनाही लावू. उलट नवीन म्हणून जाहिरात करू. मागचं कशाला उकरायचं? उद्या जे सांगायचं ठरलंय तेच सांगू आणि रामस्नेहीचं बाहेरच्या बाहेर समाधान करू.

निरंजननं मान हलवली. एवढं त्याला चालणार होतं. तरलोचननंही, थोडं थांबून, मान हलवली. आता पुढं कुणाचं जाणार नाही ना, मग झालं, असं काहीतरी तो पुटपुटला. चार हजार मैलांवरून लोखंड उचलून आणलेला माणूस भावाच्या एका टोमण्यानंतर तडजोडीला राजी झाला. घरं अशीच टिकतात आणि अशीच सडतात.

रूपिंदर एकटी उरली. तिनं सासऱ्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं.

"म्हणजे उद्या मी जाऊन साहेबांना सांगायचं की चूक पायाची," ती म्हणाली, "आणि इथं खाली पायाची चूक झेलायचा आकडा बसवायचा. आधी माहीत नव्हतं. उद्यापासून माहीत असून खोटं. मला नाही जमणार. दुसरं कुणीतरी जावं."

"एवढं नाक वर करायचं कारण नाही," जसमेल म्हणाला.

"माझं नाक आहे तिथंच आहे. तुझ्या पायाखाली पेडल नाही म्हणून तुला सुचतंय सगळं."

दाराशी खुर्चीवर बेबे बसली होती. ती कधीची तिथं होती कुणाला आठवत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं हेच होतं. तिनं हात पुढं केला.

"दाखव रे तो."

तरलोचननं आकडा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं डाव्या हातानं उचलला, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी स्प्रिंग दाबून सोडली. दोन-तीनदा.

"हा असता," तिनं विचारलं, "आणि पाय राहिला असता. तर?"

"तर काही नाही बेबे. एकदा पडून थांबली असती. पाय संध्याकाळपर्यंत राहिला असता तरी."

बेबेनं स्प्रिंग पुन्हा एकदा दाबून धरली. साठ वर्षं तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पाय तिचाच राहिला होता. कुणी खोटं तिच्यावर घातलं नव्हतं. नवऱ्यानं हात उगारला नव्हता, शिवी दिली नव्हती. नुसता म्हणाला होता, पाय का नाही उचललास. आणि तिनं तो प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की पुढं त्याचं उत्तरही लागेनासं झालं. सासू वारली तेव्हा, मुलांच्या लग्नांत, नातवाला पहिल्यांदा उचलताना अधू पंज्यातून तो निसटला तेव्हा. पाय का नाही उचललास बसंत कौर?

"माझे पाय सुजले होते," ती म्हणाली. "निरंजन पोटात होता, आठवा लागला होता. गुडघ्याखाली माझं मलाच कळायचं नाही. पेडल दाबलंय की सोडलंय ते लाकडाच्या पायाला जेवढं कळेल तेवढं."

निरंजननं टेबलावरचे हात मांडीवर घेतले.

"तुझ्या दारजींना माहीत नव्हतं," ती पुढं म्हणाली. "एवढं मी गुरूच्या चरणाशी सांगेन. पण मी दवाखान्यातनं आले ना, त्यानंतर ते रोज काम संपल्यावर फौजीसमोर बसायचे. त्या भोकांत बोट घालायचे. एकात, मग दुसऱ्यात. मी विचारलं, काय बघता? तर म्हणाले, इथं काहीतरी होतं बसंत. मला कळत नाही काय होतं. सगळा हिवाळा ते तसेच बसायचे. आणि वैशाखात अमृतसरहून ती पाटी करवून आणली आणि ठोकली भोकांवर. परत कधी बसले नाहीत."

"मला वाटलं, माझ्यासाठी नवस केलाय," ती म्हणाली. मग उठली.

कुणी तिला अडवलं नाही. ती जिना उतरली, एक एक पायरी, कठड्याला धरून. मागून सगळे. शेडमध्ये उदबत्तीचा आणि डिझेलचा वास एकत्र होता. कामगार गेले होते, भांडी घासणारे तेवढे होते. बेबेनं हत्यारांच्या पाटावरून पेचकस उचलला. त्यालाही सकाळी लाल धागा बांधलेला होता.

"बेबे," निरंजन म्हणाला, "आज हत्यार उचलत नाहीत."

"ठाऊक आहे मला. तुझ्या आधीपासून ठाऊक आहे."

तिनं फौजीचा हार बाजूला सारला. पाटी दर वर्षी उजळायला काढत असल्यामुळं स्क्रू सैल होते. पहिला निघाला. दुसऱ्याला पेचकस तिच्या हातातून दोनदा घसरला. रूपिंदर पुढं झाली, पण बेबेनं कोपरानं तिला मागं सारलं. तिसऱ्यांदा निघाला. पाटी तिच्या हातात आली आणि मागं दोन काळी भोकं उघडी पडली. या घरातल्या प्रत्येकानं ती लहानपणापासून बघितली होती.

"हिच्यात बसवून बघू नका," बेबे म्हणाली. "ही इंग्रजाची. आपली बघा."

तिनं पेचकस निरंजनपुढं धरला आणि दारापासून चौथ्या प्रेसकडं मान केली.

निरंजननं पेचकस घेतला नाही. घेतला नाही म्हणजे लगेच घेतला नाही. तो आपल्या हातांकडं बघत उभा राहिला. मग त्यानं रामस्नेहीच्या प्रेसवरचा हार काढून आपल्याच गळ्यात अडकवला, कारण खाली ठेवायला जागा नव्हती, आणि तसाच, नवरदेवासारखा, वाकून स्क्रू काढायला लागला. दुसऱ्या कुठल्या दिवशी जसमेल हसला असता. पाटी निघाली. तरलोचननं आकडा जागेवर धरला. निरंजननं एक बोल्ट भोकाशी लावला आणि पान्याची वाट न बघता बोटांनी फिरवला. बोल्ट आत गेला. अडला नाही, तिरका झाला नाही. दारजींनी न समजता पाडलेले आटे इतके बिनचूक होते की परक्या मुलुखातला बोल्ट दोन बोटांनी शेवटापर्यंत बसला. दुसराही बसला.

निरंजन तिथंच प्रेसच्या स्टुलावर बसला. रामस्नेहीच्या स्टुलावर. कितीतरी वर्षांनी तो या उंचीवर बसला होता. त्याचा पाय आपसूक पेडलवर गेला. मोटर बंद होती, काहीच होणार नव्हतं. तरी त्यानं पेडल दाबलं, आणि हात रॅमखालच्या डायपासून लांब, छातीशी धरले.

"मी जातो उद्या," तो म्हणाला. "रूपिंदर, तू चल बरोबर."

"पापाजी, विचार करा," जसमेल म्हणाला. "मोगा, बटाला, सगळीकडनं फोन येतील."

"येऊ देत. न आले तर आपण करायचे."

गाडीची किल्ली खिशात वाजवत जसमेल बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आणि गेल्याचा आवाज आला. रूपिंदरनं दाराकडं बघितलं, पण ती हलली नाही.

बेबेनं दोन्ही पाट्या पोटाशी धरल्या होत्या. "काय सांगशील साहेबाला?" तिनं विचारलं.

"सांगेन, त्याचा पाय राहिला होता."

बेबे वाट बघत राहिली.

निरंजननं खाली बघितलं. पेडलवरचा त्याचा पाय अजून दाबलेलाच होता. दाबल्यापासून त्यानं उचलला नव्हता, आणि हे त्याला आत्ता कळत होतं.

"आणि सांगेन," तो म्हणाला, "पाय राहणारच."